केनियात सार्वजनिक आरोग्यासाठी सॉफ्टवेअरचं काम करणं कसं असतं? पुण्यातली नोकरी सोडून जावं का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये सहा वर्षं झाली, आता जरा उपयोगाचं काही करावंसं वाटतंय, आणि नैरोबीतल्या एका आरोग्य संस्थेत जागा निघालीय. मी २०१६ ते २०२१ केनियात होतो. पहिली साडेतीन वर्षं किसुमूत, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, उरलेली नैरोबीत. आता नाशिकला परत आलोय, त्यामुळे कुणाची भीड न ठेवता लिहितो.

किसुमूपासून तासाभरावरचं एक सरकारी आरोग्य केंद्र. खोलीत एक नर्स, टेबलावर जाड पुठ्ठ्याची लांबरुंद रजिस्टरं, बाहेर बाकांवर वीस-बावीस गरोदर बायका. एक बाई आत आली की तिची नोंद गरोदरपणाच्या रजिस्टरात, मग ती घरी घेऊन जाते त्या माता-बाल पुस्तिकेत, रक्त तपासलं तर लॅबच्या वहीत, एचआयव्हीची चाचणी केली तर तिच्या वेगळ्या रजिस्टरात, आणि शेवटी टॅली शीटवर एक रेघ. महिना संपला की त्या रेघा मोजून 'एमओएच ७११' हा फॉर्म भरायचा आणि ५ तारखेपर्यंत सब-काउंटीच्या (आपल्या तालुक्यासारख्या विभागाच्या) रेकॉर्ड ऑफिसरकडे पोचवायचा. त्याने तो १५ तारखेच्या आत संगणकात चढवायचा.

अशा टेबलावर आम्ही टॅबलेट ठेवला. नर्सने आमचा सगळा डेमो शांतपणे पाहिला आणि एकच विचारलं, "छान आहे. मग यातलं कुठलं रजिस्टर बंद होणार?"

कुठलंच होणार नव्हतं. रजिस्टरं आरोग्य मंत्रालयाची, टॅबलेट आमच्या देणगीदाराचा. तिच्या वाट्याला फक्त आणखी एक नोंद आली. काही महिन्यांनी मी नोंदींच्या वेळा काढून बघितल्या, तर जवळजवळ सगळ्या दुपारी तीन ते साडेचारच्या मधल्या. म्हणजे बायका घरी गेल्यावर ती रजिस्टर पुढ्यात घेऊन टॅबलेट भरत होती. इकडे आमच्या डॅशबोर्डवर ठळक अक्षरांत 'रिअल टाइम' लिहिलेलं! हे वाचून हसू आलं तर हसा, पण पुढची पाच वर्षं मी वेगवेगळ्या नावांनी हाच प्रश्न सोडवत होतो: माहिती भरणाऱ्याचा वेळ कुठून आणायचा.

केनिया या बाबतीत मागासलेला असेल अशी समजूत असेल तर ती इथेच सोडून द्या. ओस्लो विद्यापीठात तयार झालेली, आरोग्याचे आकडे गोळा करणारी डीएचआयएस-२ ही प्रणाली त्यांनी २०११ मध्येच देशभर लावली. आफ्रिकेत इतक्या लवकर वेबवरून सगळ्या देशाचे मासिक आकडे गोळा करणारे देश मोजकेच होते. ओपनएमआरएस हे रुग्णनोंदीचं मुक्त सॉफ्टवेअर जगभर वापरतात, त्याचं मूळही केनियातल्याच एल्डोरेट शहराजवळच्या मोसोरिओट आरोग्य केंद्रात २००१ च्या सुमारास सुरू झालेल्या नोंदव्यवस्थेपर्यंत जातं. तिथलं मोई विद्यापीठ आणि अमेरिकेतलं इंडियाना विद्यापीठ यांचं ते काम. त्याच ओपनएमआरएसवर पुढे भारतात 'बहमनी' हे दवाखान्याचं सॉफ्टवेअर उभं राहिलं, छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगच्या दवाखान्यासाठी. म्हणजे या प्रवासात तिकडून इकडेही बरंच आलेलं आहे. फोनवरून पैसे देण्याघेण्याची एम-पेसा ही सेवा तर २००७ पासून आहे. मी गेलो तेव्हा आपल्याकडे नोटाबंदीच्या रांगा लागत होत्या, आणि किसुमूतला भाजीवाला फोनवर पैसे घेत होता.

आता नावांबद्दल सांगतो, कारण माझं सर्वांत जास्त डोकं तिथे खर्ची पडलं. किसुमू, सियाया, होमा बे हा लुओ लोकांचा भाग. त्यांच्यात जन्माच्या वेळेवरून नाव ठेवतात. रात्री जन्मला तर ओटिएनो, मुलगी असेल तर अटिएनो. सकाळची अकिन्यी. दुपारच्या उन्हातली अचिएंग. पाऊस पडत असेल तर ओकोथ किंवा अकोथ. मुलांचं नाव बहुधा 'ओ'ने, मुलींचं 'अ'ने. ऐकायला फार गोड, पण एकाच दवाखान्यात मेरी अटिएनो पंधरा निघतात आणि त्यातल्या चौघींचं वय ३२ असतं. जन्मतारखेने वेगळ्या काढू म्हणाल, तर तारीख बऱ्याच जणींना माहीत नसते. वय विचारून टाकलं की ओपनएमआरएस त्या वर्षाची १ जानेवारी धरतं आणि 'अंदाजे' अशी खूण करतं. मला हे बघून घरच्यासारखंच वाटलं. आपल्याकडे हेडमास्तरांनी अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला करून ठेवलाय, माझ्या वडिलांचाही.

एचआयव्हीच्या रुग्णांना दहा आकडी क्रमांक असतो. पहिले पाच आकडे दवाखान्याचे, पुढचे पाच रुग्णाचे. कागदावर प्रश्न मिटला. पण मासेमारी करणारा माणूस हंगामाबरोबर या काठावरून त्या काठावर जातो, तिथल्या दवाखान्यात 'मी नवीन' म्हणून नाव घालतो (जुन्या ठिकाणी ओळखीचं कुणी बघेल ही भीती), आणि जुना दवाखाना त्याला 'उपचार सोडलेला' म्हणून मोजतो. आमच्या आकडेवारीत तो एकाच वेळी गळालेला आणि नव्याने सापडलेला, अशी दोन माणसं होता. पुण्यात बसून मी यावर नावं जुळवणारा एखादा झकास अल्गोरिदम लिहिला असता. तिथे खरा उपयोग झाला तो दोन दवाखान्यांतल्या रेकॉर्ड ऑफिसरांना एकमेकांचे फोन नंबर देण्याचा. अल्गोरिदम मी नंतर लिहिलाच. तो त्या दोघांना दर सोमवारी फक्त संशयित जोड्यांची यादी पाठवायचा.

मेसेजच्या कामात मात्र केनियाने जगाला शिकवलंय. २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला वेलटेल या एसएमएस प्रकल्पाचा अभ्यास जाण्याआधी जरूर वाचा. एचआयव्हीची औषधं सुरू केलेल्या ५३८ जणांपैकी निम्म्यांना आठवड्याला एक एसएमएस जायचा: "मांबो?" म्हणजे "काय म्हणताय?" त्यांनी ४८ तासांत "सावा" (ठीक) किंवा "शिदा" (अडचण) असं उत्तर द्यायचं. अडचण आली की नर्स फोन करायची. मेसेज मिळणाऱ्यांपैकी ६२ टक्के लोकांनी औषधं नीट घेतली, बाकीच्यांत ५० टक्क्यांनी. मला त्यातलं सर्वांत हुशारीचं वाटतं ते हे की मेसेजात ना औषधाचं नाव, ना आजाराचं. बायकोचा फोन नवऱ्याने उघडला तरी त्याला फक्त "काय म्हणताय?" दिसणार. एका घरात एकच फोन असतो, हे ज्याने डोळ्यांनी पाहिलंय त्यालाच असा मेसेज सुचतो.

आम्हाला काय सुचलं तेही सांगतो. गरोदर बायकांना तपासणीची आठवण करून देणारा मेसेज आम्ही स्वाहिलीत पाठवला. वेळ सकाळी नऊची, म्हणून मी 'सा ९' असं टाकलं. इंग्रजी साच्यातला आकडा तसाच ठेवला, भाषांतर करणाऱ्याकडे तेवढा तुकडा गेलाच नाही. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', पहिला तास. सकाळचे नऊ म्हणजे 'सा तातू', तिसरा. आणि 'सा तिसा', नववा तास, म्हणजे तीन! काही बाया सकाळी नऊला आल्या, काही दुपारी तीनला, नर्स आवराआवर करत असताना. तिने मला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. आपल्याकडेही घटका सूर्योदयापासूनच मोजत, हे मला आजीने सांगितलेलं होतं. वेळेवर आठवलं असतं तर बरं झालं असतं.

दुसरा धडा आलेखाचा. २०१७ च्या जूनपासून आमच्या आलेखात लसीकरणाची रेघ दरीत कोसळल्यासारखी खाली गेली. मी दोन दिवस डेटाबेस उकरत बसलो. शेवटी आमचा ड्रायव्हर म्हणाला, "नर्सेस संपावर आहेत ना!" तो संप पाच महिने चालला. त्याआधी डॉक्टरांचा १०० दिवसांचा संप मार्चमध्येच संपला होता. २०१३ पासून आरोग्यसेवा ४७ काउंटींच्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांच्या) हातात गेली आहे, तेव्हा पगार, बढती, औषधखरेदी यांचे वाद काउंटीनिहाय वेगळे असतात. रोज सकाळी स्थानिक पेपर वाचणं हा त्या नोकरीचाच भाग आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

भत्त्याचंही कुणी सांगितलेलं नसतं. प्रशिक्षण ठेवलं की पहिला प्रश्न दैनिक भत्त्याचा येतो. बाहेरून आलेल्यांना याचा राग येतो, मलाही आला होता. पण पगार दोन-दोन महिने रखडलेला माणूस, स्वतःच्या खिशातून मटाटूचं (तिथल्या वडाप मिनीबसचं) भाडं भरून, तुमचं सॉफ्टवेअर शिकायला का येईल? आम्ही नंतर हॉटेलातली प्रशिक्षणं बंद केली आणि दवाखान्यातच, चहाच्या सुट्टीत, एकेकाशेजारी बसून शिकवायला लागलो. वेळ तिप्पट लागला. टिकलं मात्र तेच.

आता तुमचा खरा प्रश्न, आज जावं का.

माझ्या वेळचं केनिया आणि आजचं यात मोठा फरक पडलाय. एचआयव्हीच्या कामातली बरीचशी यंत्रणा, माणसं आणि संगणक अमेरिकेच्या पैशावर चालायचे. जानेवारी २०२५ मध्ये ती मदत गोठवली गेली आणि माझ्या ओळखीतल्या कित्येकांना एका ईमेलवर घरी बसावं लागलं. त्यामुळे जाहिरात कुठल्याही संस्थेची असो, पैसा कुणाचा आणि किती वर्षांचा, हे पहिल्या मुलाखतीतच विचारा. लाजू नका, तिकडे सगळेच विचारतात.

दुसऱ्या बाजूने सरकारचं स्वतःचं काम वाढलंय. २०२३ मध्ये डिजिटल हेल्थचा वेगळा कायदा झाला. त्याच वर्षी सुमारे एक लाख आरोग्य स्वयंसेवकांना, म्हणजे आपल्या आशाताईंसारख्यांना, किट आणि स्मार्टफोन दिले गेले. प्रत्येकीकडे साधारण शंभर घरं. ती दारात उभी राहून फोनवर नोंद करते, नेटवर्क मिळालं की माहिती वर जाते. ऑक्टोबर २०२४ पासून जुन्या विमा योजनेच्या जागी सोशल हेल्थ अथॉरिटी आली, तिचं नोंदणीपासून दाव्यांपर्यंतचं सगळं संगणकावर. काम भरपूर आहे, पण ते मंत्रालयाच्या आणि काउंटीच्या गतीने चालतं. २०१९ च्या डेटा संरक्षण कायद्यामुळे रुग्णांची माहिती सहज उचलून पुण्याच्या सर्व्हरवर आणता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

निव्वळ कोड लिहिणारा म्हणून जाणार असाल तर माझं उत्तर नको असं आहे. नैरोबीत उत्तम इंजिनिअर आहेत, माझ्यापेक्षा चांगले तर नक्कीच, आणि परदेशी माणसासाठी वर्क परमिट मागताना संस्थेला दाखवावं लागतं की हे काम स्थानिक माणसाकडून होत नाही. दोन प्रणालींत माहितीची देवाणघेवाण बसवणं, मोठ्या प्रमाणावर ऑफलाइन सिंक (नेटशिवाय भरलेली माहिती नंतर जुळवणं) सांभाळणं, असं काही तुमच्या हाताशी असेल आणि आठवड्यातले दोन दिवस आरोग्य केंद्राच्या बाकावर बसायची तयारी असेल, तर जरूर जा. मुलाखतीत त्या नर्सचा प्रश्न विचारा: तुमची प्रणाली आल्यावर कुठलं रजिस्टर बंद होतं? माझ्या दुसऱ्या नोकरीत उत्तर मिळालं होतं, "एक, पण काउंटीकडून लेखी परवानगी घेऊन." ती नोकरी मी लगेच घेतली.

राहण्याचं थोडक्यात. नैरोबी सुमारे १,८०० मीटर उंचीवर, हवा महाबळेश्वरची, मलेरियाची भीती जवळजवळ नाही. किसुमूत मला दोनदा झाला, तिथे मच्छरदाणीशिवाय झोपू नका. स्वाहिली शिका, वाटते तितकी परकी नाही. दवा म्हणजे 'दावा', विमा म्हणजे 'बिमा', हिशेब म्हणजे 'हेसाबू', गाडी म्हणजे 'गारी', दुकान म्हणजे 'दुका'. किसुमूत मात्र चार शब्द लुओचेही लागतात, नाहीतर बाकावरच्या बायका तुमच्यावर का हसताहेत ते कळत नाही. गुजराती दुकानदार तिथे इंग्रजांनी रेल्वे बांधली त्या काळापासून आहेत, त्यामुळे तूरडाळ, पोहे, हिंग सगळं मिळतं, बॅगेत भरू नका. गोडा मसाला तेवढा न्या, मला पाच वर्षांत कुठे सापडला नाही.