कंसाआधीचं वजा चिन्ह

प्रिय मित्रा,

तुझी वही सावकाश पाहिली. ७क्ष − ३(२क्ष − ५) याला सरळ रूप देताना तू ७क्ष − ६क्ष − १५ लिहिलंस आणि उत्तर काढलंस क्ष − १५. ३ ने कंसातल्या दोन्ही पदांना गुणलंस, ते योग्यच. पण ३ च्या आधीचं वजा चिन्हही त्याच्याबरोबर आत जातं. गुणायचं आहे ते −३ ने. −३ गुणिले −५ म्हणजे +१५, म्हणून उत्तर क्ष + १५.

‘वजा वजा अधिक’ तुला पाठ आहे, तरी चूक झाली. कारण ते अजून पटलेलं नाही. त्यासाठी १००० − ७(१०० − २) तोंडी करून बघ. १००० मधून ७ वेळा ९८ काढायचे आहेत. तू सोयीसाठी ७ वेळा १०० काढलेस, उरले ३००. पण दर वेळी २ जास्त गेले, म्हणजे एकूण १४ जास्त गेले. ते परत मिळवायलाच हवेत: ३१४. कंसातला ‘वजा २’ बाहेर येताना ‘अधिक १४’ का झाला, ते इथे डोळ्यांसमोर दिसतं. अक्षरांचंही अगदी असंच होतं.

सरूप पदं (ज्यांत अक्षराचा भाग सारखाच असतो अशी पदं) एकत्र करतानाही आपण वितरण गुणधर्मच, म्हणजे बाहेरच्या गुणकाने कंसातल्या प्रत्येक पदाला गुणण्याचा नियमच वापरतो, फक्त उलट दिशेने: ७क्ष − ६क्ष = (७ − ६)क्ष. क्ष आणि १५ यांच्यात सामाईक चल (क्ष सारखं अक्षर) नाही, म्हणून ती पदं वेगळीच राहतात.

आत बेरीज-वजाबाकी असेल तरच गुणक वाटायचा. ३(२क्ष × ५) म्हणजे ३०क्ष. तिथे ३ एकदाच वापरायचा. आणि (क्ष + ३)² म्हणजे क्ष² + ९ नव्हे. (क्ष + ३)(क्ष + ३) असं लिहून गुण, मधलं ६क्ष आपोआप मिळेल.

पडताळा मात्र कधीच चुकवू नकोस. क्ष = २ ठेव: मूळ राशी १४ − ३(−१) = १७. क्ष + १५ लाही १७, तुझ्या उत्तराला −१३. पडताळ्यासाठी ० किंवा १ शक्यतो घेऊ नकोस. ० घेतला की क्ष ची पदंच नाहीशी होतात, १ घेतला की क्ष आणि क्ष² सारखेच दिसतात, आणि चूक लपून राहते.

आता ५ − (क्ष − ४) − २(३ − क्ष) सोडव. पहिल्या कंसाआधी अंक दिसत नसला तरी गुणक −१ आहे. मधली एकही पायरी न गाळता लिही आणि पडताळ्यासह पाठव.

तुझा,
गणिताचा शिक्षक