नवी केबिन बसवण्याआधी चासी बघा

जुन्या पिकअपची सडलेली केबिन काढून दुसरी केबिन घरच्या घरी बसवायची, या एकाच विषयावर सध्या पत्रं येत आहेत. नव्या गाडीचे हप्ते झेपत नाहीत, इंजिन ठणठणीत आहे आणि पत्रा मात्र खाऱ्या वाऱ्याने खाल्लाय. अडचण खरी आहे. पण पत्रांमधले गैरसमजही तेच ते असल्याने निवडक प्रश्न एकत्र घेतोय.

प्रश्न (दापोली): माझ्या पिकअपचा ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा कुजला आहे. चुलतभाऊ फिटर आहे. केबिन घरी बदलता येईल का?

बदलता येते. पिकअपची केबिन चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, रबरी बुश (धक्का झेलणाऱ्या गाद्या) घालून बोल्टने आवळलेली असते, त्यामुळे ती अख्खी सुटी होते. पण नुसता पायाखालचा पत्रा गेला असेल तर केबिन बदलायची गरजच नाही. तेवढा भाग कापून नवा पत्रा जोडता येतो. मॅट उचला आणि तीन जागा पाहा: दाराखालची पट्टी, बिजागऱ्यांचा खांब आणि सीट बेल्टचा बोल्ट बसतो ती जागा. यातली एक जरी सडलेली असेल तर केबिन बदलण्याचा विचार करा. निर्णय चांगल्या डेंटरला गाडी समोर दाखवून घ्या. मोबाईलवरच्या फोटोत गंजाची खोली कळत नाही.

प्रश्न (देवगड): त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलची केबिन बसेल का? आणि सिंगलच्या जागी डबल केबिन घातली तर?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच: बसवू नका.

प्रश्न (रत्नागिरी): माझी गाडी मासळीच्या वाहतुकीला असते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे गाडी उभीच. त्या दोन महिन्यांत केबिन बदलून, रंग मारून मोकळं व्हायचा विचार आहे. केबिन बघून ठेवली आहे. आणखी काय तयारी करू?

केबिन बघून ठेवलीत, चासी बघितलीत का? प्रत्येक पत्रात केबिनचा भाव असतो, रंग असतो, काचा असतात. चासीबद्दल कुणी अवाक्षर लिहीत नाही, आणि माझा जीव तिथेच अडकतो.

मासळीच्या गाडीत काय होतं ते बघा. क्रेटमधला बर्फ वितळतो. ते खारं पाणी हौद्याच्या पुढच्या कडेवरून, केबिन आणि हौद्याच्या मधल्या फटीतून थेट चासीवर उतरतं. तिथे केबिनचे मागचे बुश असतात, त्यांच्याभोवती चिखल साचलेला असतो आणि मीठ त्या चिखलात मुरतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतूनच पाणी ओढून घेतं. आपल्याकडे पावसाळाभर हवा त्याहून ओली असते. म्हणजे गाडी शेडमध्ये कोरडी उभी दिसली तरी तो कोपरा ओलाच राहतो आणि गंज चालूच राहतो. चासी पेटीसारखी बंद असेल तर ती आतून सडते आणि बाहेरचा काळा रंग शाबूत दिसतो. अशा चासीवर चांगली केबिन चढवणं म्हणजे वाळवी लागलेल्या वाशांवर नवी कौलं घालणं.

केबिन उचललेली असते तेव्हाच चासीची ती वरची बाजू नीट उघडी दिसते. ती संधी घाईत घालवू नका. आधी गोड्या पाण्याने चिखल पूर्ण धुऊन काढा, वाळू द्या. मग छोट्या हातोडीने इंच-इंच ठोकत जा. चांगलं लोखंड टणकन वाजतं, सडलेलं बद्द वाजतं. बद्द वाजलं तिथे जाड स्क्रू-ड्रायव्हर दाबा. पापुद्रे सुटले किंवा टोक आत गेलं तर काम तिथेच थांबवा. चासीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. गाडीला कधी मार बसला असेल तर मापात फरक दिसेल, आणि अशा चासीवर केबिनची दारं कधीच सरळ लागणार नाहीत.

नाक्यावरचा वेल्डर सांगेल, ‘पट्टी मारून देतो, काही होत नाही.’ त्याचं ऐकू नका. चासीच्या वरच्या आणि खालच्या कडेवर सगळ्यात जास्त ताण येतो. तिथे भोक पाडलं किंवा वाटेल तशी वेल्डिंगची आच दिली की भरल्या गाडीत तिथूनच चीर जाते. दुरुस्ती कुठे आणि कशी चालेल हे कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमधून लेखी घ्या. त्यांनी चासी नाकारली तर केबिनवर एक रुपयाही घालू नका.

आता जून-जुलैचं. खोलणं, धुणं, तपासणं, वायरिंग बघणं ही कामं छपराखाली खुशाल करा. रंग मात्र नको. दमट पत्र्यावर मारलेला प्रायमर पुढे फुगतो आणि त्याखाली गंज धरतो. रंगाचं काम दिवाळीच्या सुमाराला, हवा कोरडी झाल्यावर करा.

प्रश्न (वेंगुर्ला): काजूच्या टरफलांचं तेल होड्यांना लावतात. तेच किंवा जळकं इंजिन ऑईल चासीला खालून मारलं तर गंज थांबतो म्हणतात. खरं का?

लाकडी होडीचं औषध लोखंडी गाडीला लावू नका. काजूच्या टरफलांच्या तेलाने कातडी भाजून फोड येतात. जळक्या ऑईलने केबिनचे आणि स्प्रिंगच्या पाट्यांचे रबरी बुश फुगून मऊ पडतात, धूळ चिकटते, आणि आधीपासून असलेला गंज त्याखाली झाकला जातो. तो थांबत नाही. पावसाळ्यानंतर खालून गोड्या पाण्याने धुवा, गंज घासून काढा, प्रायमर मारा. डबा कुठला घ्यायचा ते पत्र्याची अवस्था पाहून पेंटरला ठरवू द्या.

प्रश्न (कुडाळ): एक व्यापारी रंगवलेली ‘रेडी’ केबिन देतोय. कागद लागत नाहीत म्हणतो. घेऊ का?

कागद नसतील तर घेऊ नका. केबिन कुठल्या गाडीची, ती गाडी रीतसर भंगारात गेली का, आरटीओत तिची नोंदणी रद्द झाली का, हे सगळं बिलासकट हातात हवं. चोरीच्या गाडीचे सुटे भाग याच वाटेने बाजारात येतात आणि पोलीस शेवटच्या माणसाच्या दारात येतात. ताजा चकचकीत रंग ही मला तरी धोक्याचीच खूण वाटते. लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून खालच्या कडा, चाकावरची कमान आणि काचेची चौकट यांवरून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी, भरलेली आहे. विकणारा चुंबक लावू देत नसेल तर तिथून निघा.

प्रश्न (गुहागर): दारातल्या आंब्याच्या फांदीला चेन पुली बांधून केबिन उचलली तर चालेल?

नाही. फांदी केव्हा मोडेल सांगता येत नाही आणि खाली माणसं असतात. गोठ्याच्या तुळईलाही पुली बांधू नका. वजन पेलणारी लोखंडी घोडी भाड्याने आणा किंवा क्रेनवाल्याला बोलवा. दारं, बॉनेट, सीट आधी काढून वजन कमी करा. लटकत्या केबिनखाली हातसुद्धा घालायचा नाही.

प्रश्न (राजापूर): आरटीओला कळवावं लागतं का? चासी नंबर तर तोच राहतो.

कळवा, आणि काम सुरू करण्याआधी कळवा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या नोंदींशी न जुळणारा बदल करता येत नाही. तीच, त्याच मॉडेलची केबिन असली तरी रंग वेगळा असेल तर नोंद बदलते. डबल केबिनने आसनं आणि वजन दोन्ही बदलतात. मालवाहू गाडीला ८ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग असतं, तेव्हा हे लपत नाही. केबिनवरची कंपनीची नंबर-माहितीची पट्टी स्वतः उखडून दुसरीकडे ठोकू नका. ती कशी हाताळायची ते रत्नागिरी किंवा ओरोसच्या कार्यालयात जाऊन विचारा. विमा कंपनीलाही लेखी कळवा.

प्रश्न (लांजा): केबिन उचलण्याआधी काय काय सोडवायचं? भाऊ म्हणतो, सगळं अंदाजाने जमतं.

अंदाजाने नको. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा. वायरिंगच्या प्रत्येक सॉकेटला चिठ्ठी लावा, फोटो काढा. क्लच, ॲक्सिलरेटर आणि हॅंडब्रेकच्या केबल, गिअरचा दांडा, ब्रेकचे पाइप, सगळं सुटं झाल्याशिवाय पुली ओढू नका. स्टिअरिंग सोडवताना चाकं सरळ ठेवून जोडाच्या दोन्ही भागांवर रंगाची एक रेघ मारा, म्हणजे परत तसाच बसवता येईल. एसी असेल तर गॅस एसीवाल्याकडून काढून घ्या. ब्रेक ऑईल हवेतली ओल धरतं, म्हणून बंद बाटलीतलंच वापरा. ब्रेक आणि स्टिअरिंगचं शेवटचं काम घरी नको, ते जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्या.

प्रश्न (मालवण): गेल्या महिन्यात केबिन बदलली. ब्रेकचं पेडल एकदम खाली जातं, पण दोन-तीनदा पंप केलं की धरतं. आंब्याचा सीझन संपला की दाखवू का?

आजच. पाइपात हवा राहिली असेल किंवा ऑईल गळत असेल, दोन्हीत ब्रेक कधीही दगा देईल. गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा. पेट्या दुसऱ्याच्या गाडीने पाठवा.