होमस्टेचं अ‍ॅप करतोयस? आधी बटण आणि कार्ड पक्कं कर

अरे मालवणच्या होमस्टेंचं बुकिंग अ‍ॅप ना, मग पहिल्याच दिवशी ढीगभर कंपोनंट (एकदा बनवून परत परत वापरायचे तयार भाग) बनवत बसू नकोस, नवे सगळे तिथेच अडकतात. दोन-तीन स्क्रीन सरळ काढ, जे परत परत येतंय तेवढंच कंपोनंट कर, बटण, इनपुट, खोलीचं कार्ड, बास.

- नाव कामावरून दे, 'निळं बटण' उद्या हिरवं झालं की घोळ.
- कार्डाला ऑटो लेआउट (मजकुराप्रमाणे चौकट आपोआप लहानमोठी होते ती सोय) लाव आणि खरा मजकूर टाकून बघ, 'समुद्राकडची खोली, मासळीच्या जेवणासकट' दोन ओळींत जातं नि भाव खाली ढकलला जातो, शिवाय लाइन हाइट कमी असेल तर वरच्या मात्रा कापल्या जातात ते वेगळंच.
- फिग्मात (डिझाइन काढायचं टूल) इन्स्टन्स, म्हणजे कंपोनंटची वापरलेली प्रत, डिटॅच करून मूळापासून तोडू नको!! मूळ बदललं तरी ती तशीच राहते, मग बस शोधत.

अँड्रॉइडला बटण निदान 48 डीपी (अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप) उंच ठेव. व्हेरिअंट (एकाच कंपोनंटची वेगवेगळी रूपं), टोकन (रंग, अंतरं यांना दिलेली नावं) नंतर, आधी ते कार्ड पाठव बघू.