पीक ते पीक: पुण्यात राहून वर्ष काढणाऱ्या पोरासाठी

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. मेस एकाच वेळेची ठेवतो, सकाळी चहा-पोह्यावर भागतं, तेवढेच पैसे वाचतील असं लिहिलंयस. ते वाचल्यापासून माझं मन लागेना, म्हणून फोनवर अर्धवट बोलण्यापेक्षा सगळं नीट लिहूनच पाठवते. जेवण तोडायचं नाही. दिवसभर अभ्यासिकेत बसायचं, रात्री पेपर सोडवायचे आणि पोटात एकाच वेळेचं अन्न, असं थोडे महिने केलंस की आजारपण येतं, आणि मग डॉक्टर-औषधात जे पैसे जातात त्यात किती महिन्यांची डाळ आली असती बघ. पैसे वाचवायच्या जागा दुसऱ्या आहेत, त्या सांगते.

आधी हिशोब. तुझे नोकरीवाले मित्र महिन्याचं बजेट करतात कारण त्यांना महिन्याला पगार येतो. आपल्या घरात पैसा दोनदाच येतो, दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनचा आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तूर-हरभऱ्याचा, आणि तोही ठरल्यासारखा येईलच असं नाही. २०२४ च्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि बाजारात लोकांनी त्याच्या किती खाली माल घातला ते तू स्वतः बघितलंयस. म्हणून तुझं बजेट पण पीक ते पीक. बाबांनी पैसे टाकले की त्याच दिवशी रूमचं भाडं, अभ्यासिकेची फी, परीक्षेचे फॉर्म, गावी यायचं-जायचं भाडं एवढं बाजूला काढ, आणि ते पैसे ज्या खात्याला यूपीआय जोडलंय त्यात ठेवूच नकोस, हवी तेव्हा मोडता येईल अशी छोटी एफडी कर. उरलेल्या रकमेला पुढचं पीक येईपर्यंतच्या महिन्यांनी भागायचं, पण महिने मोजताना एक जास्तीचा धरायचा. पाऊस लांबतो, आडत्या पैसे थांबवतो, मळणीयंत्र वेळेवर मिळत नाही, काही ना काही होतंच. बाकीचं सगळं विसरलास तरी चालेल पण हा जास्तीचा महिना विसरू नको.

आता खाण्याचं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने जे ताट सुचवलंय त्यात २००० कॅलरीमागे रोज साधारण २५० ग्रॅम धान्य आणि ८५ ग्रॅम डाळी-कडधान्य धरलंय. वर्षाचं काढलंस तर धान्य ९० किलोच्या थोडं वर आणि डाळी ३१ किलो. तुझ्या वयाला भूक जास्त, थोडं वाढवून धर. आकडा बघून घाबरू नको, याच्यामुळेच कळतं की नक्की किती लागतं आणि त्यातलं घरून किती येऊ शकतं. तुमच्या स्वतःच्या शेतात तूर आहे आणि तू खालच्या दुकानातून अर्धा-अर्धा किलोची पाकिटं आणतोस, याचं मला फार वाईट वाटलं. बाबांना सांग की सगळी तूर आडतीवर घालायच्या आधी एक कट्टा मागे ठेवा. पन्नास किलो तुरीची डाळ केली की टरफल-चुनी जाऊन साधारण तीस-पस्तीस किलो हातात येते, म्हणजे तुझं वर्ष निघालं. एकदम आणू नको, तीन-चार फेऱ्यांत आण, आणि मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं अर्धं तिकीट आहे, तर आईलाच बोलाव, ती पण दोन दिवस राहील आणि तिला पण बरं वाटेल.

हे आत्ताच सांगतेय कारण दिवस आत्ताचेच आहेत. ज्वारी, गहू, तूर, हरभरा, लाल मिरची, चिंच, सगळं फेब्रुवारी ते एप्रिल-मेच्या आत निघतं आणि तेव्हाच माल ताजा असतो आणि भावही बरा असतो, आपल्या आज्या वर्षाचं धान्य उन्हाळ्यातच भरायच्या ते उगाच नाही. आईने येसर, म्हणजे आमटीचं ते भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ, केलं की एक मोठा डबा तुझ्यासाठी काढून ठेवायला सांग. रात्री उशिरा रूमवर आलास, काही करायची ताकद नाही, तर लसूण-जिऱ्याची फोडणी दे, दोन चमचे येसर पाण्यात गुठळी न राहता कालवून त्यात सोड, मीठ टाक, मंद गॅसवर दहा मिनिटं उकळू दे, वरून असली तर कोथिंबीर. सकाळची भाकरी त्यात कुस्करून खाल्ली की पोट भरतं. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते तेव्हा तुम्ही जे बाहेरचं मागवता ना, त्याच्या जागी हे कर, त्या एका संध्याकाळचे पैसे वर्षात किती होतात ते तूच मांडून बघ.

धान्य साठवताना एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते. गव्हात-डाळीत किडे होऊ नयेत म्हणून गावाकडे त्या विषारी गोळ्या टाकतात, अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या, त्या रूमवर अजिबात आणायच्या नाहीत. हवेतल्या दमटपणाने त्यातून फॉस्फिन नावाचा गॅस सुटतो आणि बंद खोलीत झोपलेल्या माणसाचा जीव जातो, असे प्रकार झालेले आहेत. कुणी पोत्यात टाकून दिल्या असतील तरी ते पोतं झोपायच्या खोलीत ठेवू नको. तुझ्यासाठी कडक ऊन, कोरडा डबा आणि डाळीला चोळलेलं थोडं एरंडेल एवढं बास आहे. पीठ मात्र साठवू नको, ते धान्याइतकं टिकत नाही, म्हणून धान्य ठेव आणि लागेल तसं दळून आण.

तुम्ही तिघं रूममेट मिळून एक तीन लिटरचा कुकर घ्या, त्याच्यावर तुमचा निम्मा स्वयंपाक होतो. आधी डाळ धुवून अर्धा तास भिजत ठेव, तेवढ्यात अंघोळ उरक. कुकरच्या तळाला दोन पेले पाणी, त्यावर डाळीचं भांडं, डाळीत चिमूटभर हळद आणि तेलाचा थेंब, वरच्या भांड्यात तांदूळ, आणि बाजूला जागा राहिली तर दोन बटाटे. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करायचा, पोरं मोठ्या आचेवर शिट्ट्या मोजत बसतात, त्यात नुसती वाफ आणि गॅस जातो, आतलं अन्न काही लवकर शिजत नाही. बारीक आचेवर सात-आठ मिनिटं ठेवून बंद कर आणि वाफ आपोआप जिरू दे, शिटी वर उचलू नको, त्या वेळात पण आत शिजतच असतं. त्याच डाळीचं सकाळी वरण, आणि संध्याकाळी तिलाच चिंच-गूळ आणि मूठभर मेथी घालून आमटी, पण संध्याकाळपर्यंत ठेवायची तर खळखळून उकळून ठेव. भात मात्र त्या वेळेपुरताच लाव, तुमच्याकडे फ्रीज नाही, आणि उन्हाळ्यात रात्रभर बाहेर राहिलेला भात परत गरम केला तरी बाधतो.

भाजीचं म्हणशील तर तिचा भाव बघून बेत ठरवायचा, बेत ठरवून भाजी आणायला गेलं की लुटल्यासारखं होतं. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये टोमॅटो शंभराच्या पार गेला होता, तेव्हा आमच्याकडे आमटीला चिंच होती आणि कुणाचं काही अडलं नाही. कांद्याचं गणित पण समजून घे. मार्च-एप्रिलमध्ये निघणारा उन्हाळी कांदा टिकतो, चाळीत चार-पाच महिने राहतो, आणि तो संपत आला आणि नवा लाल कांदा अजून यायचा असला की बरेचदा सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या मधे भाव उडतो. म्हणून मे महिन्यात उन्हाळी कांदा दहा किलो घे, कॉटखाली गोणपाटावर पसरून ठेव, बटाट्याच्या शेजारी ठेवू नको, आणि आठवड्यातून एकदा हात फिरवून नरम पडलेले आधी वापर.

जिम लावलेल्या रूममेटच्या नादाने प्रोटीनचा डबा घ्यायचं म्हणतोयस, तो नको. जे सोयाबीन बाबा पोत्याने विकतात त्याच्यात शंभर ग्रॅमला ३५-४० ग्रॅम प्रथिनं आहेत, आणि आपल्या घरात ते कुणी खातच नाही. कच्चं दळायचं नाही, ते पचत नाही, उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं उकळून कडक वाळवायचं आणि नऊ किलो गव्हाला एक किलो या मापाने दळून आणायचं, पोळीची चव फारशी बदलत नाही. जोडीला मूठभर शेंगदाणे, एखादं अंडं, मोड आलेली मटकी. मटकीवर लिंबू पिळायला विसरू नको, त्याने लोह अंगी लागतं, आणि जेवणाला लागून चहा पिऊ नको, चहाने ते अंगी लागत नाही.

गॅसचं पण बघून ठेव. कोपऱ्यावरच्या दुकानात मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात भरून देतात ते बेकायदा आहे आणि तिथे स्फोट होतात, त्यापेक्षा गॅस एजन्सीत पाच किलोचा अधिकृत सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही, तो घ्या आणि तिघांत वाटून खर्च करा.

आणि रेशन. तुमचं कार्ड प्राधान्य कुटुंबाचं आहे, माणशी महिन्याला पाच किलो धान्य, जानेवारी २०२३ पासून तेही फुकट. तुझ्या वाटणीचं धान्य गावातच उचलायला पाहिजे असं नाही, एक देश एक रेशन कार्डमुळे पुण्यातल्या दुकानातही अंगठा लावून कार्डावरचं थोडं धान्य उचलता येतं आणि उरलेलं आई गावाकडे घेऊ शकते. त्यात लाज कसली, हक्काचं आहे ते. तुझं नाव कार्डावर आहे का आणि आधारची केवायसी झालीय का एवढं आईला आजच विचार, झाली नसेल तर होळीला गावी येशील तेव्हा पहिल्या दिवशी करून टाक. आणि मेस दोन्ही वेळची चालू ठेव, निदान कुकर येईपर्यंत तरी.

तुझी,
मावशी