बेटावरची केबिन घेण्याआधी: विजेपेक्षा पाणी आणि उंदीर बघा

दूरचं खाजगी बेट, त्यावर वीजजोडणी नसलेली लाकडी केबिन, एक विहीर, आणि जाहिरातीत 'पक्षी आणि सील भरपूर'. दीर्घ मुदतीच्या भाड्याने घ्यायचा विचार आहे आणि सौर पॅनल पुरतील का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत सांगतो: विजेचा प्रश्न यातला सगळ्यात सोपा आहे. सलग ढगाळ दिवसांचा हिशेब धरून बॅटरी घ्या. लेड-ॲसिड असेल तर ती निम्म्याखाली उतरवू नका, लिथियम असेल तर गोठणबिंदूखाली चार्ज करू नका. बाकी पैसे टाकले की सुटतं.

पाण्याचं तसं नाही. वाळूच्या किंवा सच्छिद्र खडकाच्या छोट्या बेटावर गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. ढोबळ नियम असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा १ मीटर वर असेल, तर समुद्रपातळीखाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडं पाणी मिळतं. म्हणजे जोरात उपसा करून वरची पातळी थोडी जरी उतरवली, तरी खालचं खारं पाणी कितीतरी पटीने वर चढतं. विहीर एकदा मचूळ झाली की लवकर सुधारत नाही, आणि उकळून मीठ जात नाही. त्यामुळे पंप लहान हवा आणि उपसा थोडा थोडा.

खरा भरवसा छपरावरच्या पावसावर ठेवा. १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. ४० चौरस मीटरच्या छपरावर १० मिलिमीटर पडला तर ४०० लिटर, गळती-बाष्पीभवन वजा जाता थोडं कमी. पण पक्षी भरपूर असलेल्या बेटावर त्या छपरावर काय साचलेलं असतं ते शिडी लावून स्वतः बघा. पन्हळीत विष्ठा, पिसं, कधी मेलेलं पिल्लू, आणि त्यावर माशांचे अर्धवट खाल्लेले तुकडे. पावसाचं पहिलं पाणी टाकीत न जाता बाहेर पडेल अशी सोय आहे का ते विचारा. नसेल तर ती आधी करून घ्या, आणि तरीही पिण्याचं पाणी गाळून उकळाच.

आता ज्यासाठी तुम्ही तिथे जाताय, त्या प्राण्यांबद्दल. समुद्रपक्षी अशा बेटावर बहुतेक वेळा टिकलेले असतात, कारण तिथे उंदीर-मांजरं पोचलेली नसतात. जमिनीवर किंवा बिळात अंडी घालणाऱ्या पक्ष्याकडे उंदरापुढे काही उपाय नसतो. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाऊ बेटाजवळ १९१८ मध्ये एक जहाज खडकावर चढलं, त्यातून काळे उंदीर बेटावर उतरले आणि पुढच्या काही वर्षांत तिथल्या पक्ष्यांच्या पाच जाती संपल्या. दक्षिण अटलांटिकमधल्या गॉफ बेटावर तर साधे घरातले उंदीर अल्बाट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याची जिवंत पिल्लं कुरतडून खातात. साउथ जॉर्जिया बेट २०१८ मध्ये उंदीरमुक्त जाहीर झालं, पण त्याआधी कित्येक वर्षं हेलिकॉप्टरने विषारी आमिषं टाकावी लागली.

तुमच्या बेटावर उंदीर नेणारं कोणी असेल तर ते तुमचं सामान. पुठ्ठ्याचे खोके, धान्याची पोती, सरपणाच्या मोळ्या बोटीत चढवूच नका. सगळं किनाऱ्यावरच घट्ट झाकणाच्या पिंपात भरा, बोटीत सापळे ठेवा, बुटांच्या तळव्यातलं बी-माती ब्रशने काढा. पोटात पिल्लं असलेली एक मादीही पुरते. मांजर नेऊच नका, कुत्राही नको.

रात्री पडदे लावा. पेट्रेलसारख्या समुद्रपक्ष्यांची नुकतीच उडायला लागलेली पिल्लं उजेडाकडे झेपावतात आणि भिंतीवर आपटतात. बिळांच्या जमिनीवरून चालू नका, पायाखाली घरटी ढासळतात. सीलचं पिल्लू एकटं दिसलं तर ते अनाथ समजून जवळ जाऊ नका, आई बहुधा समुद्रात खायला गेलेली असते.

खराब हवेत बोट किती दिवस धक्क्याला लागत नाही, हे मालकाऐवजी बोटवाल्याला विचारा आणि त्याच्या उत्तराच्या दुप्पट दिवसांचं अन्न-औषध कायम ठेवा. ४०६ मेगाहर्ट्झचा संकट-बीकन घ्या, तो मोबाइल रेंज नसली तरी उपग्रहामार्फत संदेश देतो. शेगडी केबिनमध्ये असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

आणि बेट बघायला कोरड्या ऋतूच्या शेवटी जा. विहिरीचं पाणी त्याच दिवशी बाटलीत भरून क्षारांसाठी तपासून घ्या, आणि तो अहवाल हातात आल्याशिवाय करारावर सही करू नका.