रेस क्लबची नोकरी धरण्यापूर्वी

नौपाडा, ठाणे

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

ऐरोलीतील बरी चाललेली नोकरी सोडून मुंबईच्या रेस क्लबच्या लेखा विभागात जावे का, असे तू विचारले आहेस, आणि घरी या विषयावरून अबोला धरला गेला आहे हेही लिहिले आहेस. घरच्यांचा आक्षेप जुगाराला आहे. घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली दिला, हे त्यांना सांगून पाहायला हरकत नाही. त्याने तुझ्या आईचे समाधान होईल, असे मात्र मला वाटत नाही. मला स्वतःला जुगारापेक्षा हिशेबाची काळजी अधिक वाटते. तुझा पगार ज्या पैशातून निघणार तो कुठून येतो आणि तो आटत चालला आहे का, याची खातरजमा केल्याशिवाय तू राजीनामा देऊ नयेस.

या धंद्यात खर्च थांबत नाही. रेस असो वा नसो, घोडा रोज खातो. त्याच्या दाणावैरणीचे, सइसाचे आणि ट्रेनरचे पैसे मालकाला महिन्याच्या महिन्याला द्यावे लागतात, शिवाय नालबंद आणि पशुवैद्य आहेतच. क्लबला धावपट्टी राखावी लागते, उत्तेजक द्रव्यांच्या चाचण्या कराव्या लागतात, आणि बक्षिसाची रक्कम, म्हणजे ज्याला तिथे स्टेक मनी म्हणतात ती, उभी करावी लागते. ही रक्कम रोडावली की मालक नवे घोडे घेत नाहीत, घोडे कमी झाले की शर्यतींत चुरस राहत नाही, आणि चुरस नसलेल्या शर्यतीवर कोणी पैसे लावत नाही. सभासदांची वर्गणी, प्रायोजक आणि कार्यक्रमांना भाड्याने दिलेली हिरवळ यांचा हातभार लागतो; पण मूळ आधार पैजेच्या उलाढालीचाच असतो. टोटवर, म्हणजे क्लबच्या स्वतःच्या पैजेच्या खिडक्यांवर, लावलेले सगळे पैसे एका गल्ल्यात जातात, त्यातून क्लब आपले कमिशन कापून घेतो आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटली जाते. म्हणून कोणता घोडा जिंकला याच्याशी क्लबच्या उत्पन्नाचा संबंध नसतो. त्या दिवशी एकूण किती रुपये लागले, याच्याशी असतो.

आता करांकडे ये, कारण तुझे खरे काम तिथेच असेल. 2017 पर्यंत पैजेवरचा कर राज्ये आपापल्या दराने घेत असत. त्या वर्षीच्या जुलैत जीएसटी आला आणि 28 टक्के दर लागू झाला. तो क्लबच्या कमिशनवर घ्यायचा की लावलेल्या संपूर्ण रकमेवर, यावर वाद झाला. टोटच्या बाबतीत कर्नाटक उच्च न्यायालयाने 2021 मध्ये क्लबांच्या बाजूने कौल दिला, पण ऑक्टोबर 2023 पासून कायद्यात दुरुस्ती होऊन पूर्ण रकमेवरचा कर पक्का झाला, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून दर 40 टक्के झाला. दर ऐकून लोक हळहळतात. माझ्या मते दरापेक्षा तो कशावर लावला आहे, हे महत्त्वाचे आहे.

कागद घेऊन मांड. समज, टोटचे कमिशन 10 टक्के आहे आणि नियमित खेळणाऱ्या एका माणसाने खिशातून 140 रुपये काढले. त्यातले 40 सरकारकडे गेले, 100 गल्ल्यात पडले, 10 क्लबने घेतले, आणि नशिबाचे चढउतार बाजूला ठेवले तर सरासरीने 90 परत आले. हेच 90 त्याने पुढच्या रेसला लावले की सुमारे 58 उरतात आणि तिसरीनंतर सुमारे 37. कर नसता तर तिसऱ्या रेसनंतर 102 उरले असते. रेसकोर्सवर तोच रुपया दुपारभर पुन्हा पुन्हा फिरतो, प्रत्येक फेरीत क्लबला थोडे मिळते, आणि संपूर्ण रकमेवरचा कर नेमके ते फिरणेच तोडतो. हाच 40 टक्क्यांचा कर क्लबच्या 10 रुपयांपुरता असता, तर त्या 10 रुपयांतून तीन रुपयांहूनही कमी सरकारकडे गेले असते.

मग खेळणारा काय करतो? फोनवरच्या बेकायदा बुकीकडे जातो. तो कर घेत नाही, पावती देत नाही, उधारीही चालवतो. आणि त्याच्याकडे लागलेल्या रुपयातला छदामही घोड्याच्या दाण्यापर्यंत पोहोचत नाही. सरकारचा कर बुडतो तो वेगळाच.

हे दुखणे आपलेच नाही. ब्रिटनमध्ये पैजेच्या रकमेवर कर होता तेव्हा मोठे बुकी आपला धंदा जिब्राल्टरला नेऊ लागले; ऑक्टोबर 2001 मध्ये तो कर काढून त्याऐवजी बुकींच्या ढोबळ नफ्यावर 15 टक्के कर बसवला गेला. शिवाय तिथे 1961 पासून लेव्ही बोर्ड आहे, जे बुकींच्या नफ्यातला वाटा घेऊन बक्षिसे आणि पशुवैद्यकीय कामांसाठी रेसिंगकडे वळवते. हाँगकाँगचे उदाहरण तर मी विद्यार्थ्यांना मुद्दाम देतो. तिथल्या रेसवरच्या कराचा दर 72.5 टक्क्यांपासून सुरू होतो, आणि तरीही तिथला क्लब भक्कम उभा आहे, कारण 2006 पासून हा कर लावलेल्या रकमेवर नाही, पैज जिंकणाऱ्यांचे पैसे वाटून जे उरते त्यावर घेतला जातो. उलट मकाऊच्या क्लबचा तिथल्या सरकारशी असलेला करार 2042 पर्यंत असूनही तोटा सोसेना म्हणून 2024 च्या एप्रिलमध्ये संपवण्यात आला, आणि सिंगापूरच्या 1842 पासूनच्या टर्फ क्लबने 5 ऑक्टोबर 2024 रोजी शेवटची शर्यत घेतली. सिंगापूरचे कारण पैजेइतकेच जमिनीचेही होते: सरकारला घरांसाठी जागा हवी होती.

जमिनीचा मुद्दा ठाण्याच्या माणसाला वेगळा समजावून सांगायला नको. पोखरण रस्त्यावर कारखान्यांच्या जागी मनोरे कसे उभे राहिले ते तू शाळेत जातायेता पाहिले आहेस. महालक्ष्मीच्या रेसकोर्सचा जुना भाडेपट्टा 2013 मध्ये संपला. दहा-अकरा वर्षांच्या अनिश्चिततेनंतर 2024 मध्ये 211 एकरांपैकी 120 एकर शहराच्या उद्यानासाठी सोडायचे आणि 91 एकर 2053 पर्यंत क्लबकडे राहायचे, असे ठरले. शहराला उद्यान मिळते याचा मला आनंदच आहे. पण ज्या संस्थेचे उत्पन्न डळमळीत आहे तिच्याकडे मुंबईच्या मधोमध इतकी जागा किती काळ राहू दिली जाईल, हा प्रश्न ताळेबंदात कुठेच छापलेला नसतो आणि तरी तो तुला वाचता यायला हवा.

मालकांच्या हिशेबांशीही तुझा संबंध येईल. घोडे पाळण्यातला तोटा त्याच प्रकारच्या उत्पन्नातून वजा करता येतो आणि चारच वर्षे पुढे ओढता येतो. पैजेतल्या जिंकण्यावर मात्र 30 टक्के प्राप्तिकर लागतो आणि हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत. हा फरक ज्याला मुखोद्गत आहे असा लेखापाल तिथे हवाच असतो.

म्हणून माझे मत असे की दोन-तीन वर्षांसाठी जायला हरकत नाही, कारण कर, करार आणि रोख उलाढाल यांचा इतका गुंता एका ठिकाणी शिकायला क्वचित मिळतो. मात्र तिथूनच निवृत्त होऊ असे गृहीत धरून घराचे कर्ज काढू नकोस. डर्बीच्या, म्हणजे हंगामातल्या सर्वांत मानाच्या शर्यतीच्या, दिवसाची गर्दी पाहून निर्णय घेऊ नकोस, एखाद्या साध्या गुरुवारी टोटच्या खिडक्यांपाशी जाऊन उभी राहा. आणि तिथे नोकरी करत असताना स्वतः एक रुपयाही लावायचा नाही, हे मी तुझ्याकडून कबूल करून घेणार आहे. ज्याचे हिशेब आपण तपासतो, त्या गल्ल्यात आपला पैसा असता कामा नये.

मुलाखतीला बोलावले की मागील पाच वर्षांचे वार्षिक अहवाल माग. टोटची उलाढाल, स्टेक मनी आणि जमिनीचे भाडे हे तीन आकडे दर वर्षीचे एका ओळीत लिहून काढ, आणि रविवारी सकाळी घेऊन ये. दुपारी माझ्याकडे पाहुणे आहेत.

कळावे,
तुझे सर