उन्हात काळं पडणारं घड्याळ

प्रश्न : नाना, चोपडा तालुक्यात माझी केळी आहे. मनगटावर जुनं डिजिटल घड्याळ घालतो. मुलगा म्हणतो, 'अप्पा, खिशात मोबाइल असताना हे कशाला?' मे महिन्यात ते बांधावर विसरलो. दुपारी पाहिलं तर आकड्यांची पाटी काळीभोर! संध्याकाळी आपोआप आकडे दिसले. शिवाय ते मागेही पडतं. सेल बदलू, की मुलाचं ऐकू?

उत्तर : दादा, दोन्ही नको. सेल उतरला असता तर दिवा लावताच आकडे फिके पडले असते. तुमच्या घड्याळाला ऊन लागलं, बस. पाटीत द्रवस्फटिक असतो, म्हणजे रेणू रांगेत ठेवणारा द्रव. तो फार तापला की त्याच्या रेणूंची रांग मोडते, उजेड अडतो आणि सगळं काळं दिसतं. निवला की रांग पुन्हा लागते. पण वारंवार भाजू देऊ नका, पाटीवरची पातळ फिल्म खराब होते.

मागे पडण्यातही उन्हाचा हात असतो. आतला क्वार्ट्झ, म्हणजे वेळ मोजणारा बारीक स्फटिक, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. या आकड्याचं पंधरा वेळा निम्मं करा, बरोबर एक उरतो. तोच आपला सेकंद. क्वार्ट्झला मानवतं ते साधारण २५ अंश. त्याहून तापला तरी हळू, गारठला तरी हळूच. ४५ अंशांत दिवसभर राहिला तर सेकंदभर मागे जातो. म्हणून घड्याळ बांधावर नको, मनगटावर ठेवा. आपल्या मे महिन्यापेक्षा अंगाची ऊब परवडली.

आता मुलाचं. धुळ्याला पाचकंदीलजवळ मी घड्याळं दुरुस्त करायचो. मोबाइल आले आणि गिऱ्हाईक फक्त पट्टा बदलायला येऊ लागलं. मीही मनगट मोकळं केलं. एकदा भावाच्या शेतात रात्रीचं पाणी धरायला गेलो. लाईट दोनला जाणार होती. भाऊ पलीकडून ओरडला, "कितला वाजनात?" हात कोपरापर्यंत चिखलात. मोबाइल काढला तर ओलं बोट त्याला कळेना. सदऱ्याला पुसून पुसून तोही चिखलाचा झाला. तेवढ्यात मोटार बंद पडली. वेळ तशी कळली म्हणा! शेवटचे दोन वाफे कोरडेच राहिले.

दुसऱ्याच आठवड्यात कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू घेतलं. १९८९ पासून निघणारं मॉडेल, कंपनी सेलची सात वर्षं सांगते आणि महिन्याला तीस सेकंदांचा फरक धरते. भर दुपारी केळीच्या बागेबाहेर मोबाइल डोळ्याला लावावा लागतो, याचे आकडे उन्हात उलट स्वच्छ दिसतात. दिवा मात्र काजव्याचा धाकटा भाऊ, त्याचं कौतुक मी करणार नाही. आणि पाण्यात हात असताना बटणं दाबू नका.

राहता राहिला तो मागे पडलेला वेळ. दर महिन्याच्या एक तारखेला मोबाइल बघून घड्याळ लावून द्यायचं काम मुलाकडे सोपवा.